‘हॅव’चा लिलाव

सटाण्यात दोन गोष्टींचा भाव आधी कुणालाच सांगता येत नाही. एक उन्हाळ कांदा आणि दुसरं ‘हॅव’ हे इंग्रजी क्रियापद. कांद्याचं निदान बाजार समितीत काहीतरी ठरतं. बोली लागते, पावती हातात पडते, मग घरी जाऊन डोक्याला हात लावता येतो. ‘हॅव’ची पावती मिळत नाही. हे एवढंसं क्रियापद शाळेत भेटतं, दहावीला दगा देतं आणि माणूस आजोबा झाला की नातवाच्या व्हिडिओ कॉलमधून पुन्हा समोर येऊन उभं राहतं.

विंचूर-प्रकाशा रस्त्याने सटाण्यात शिरताना फलक वाचत यावं. डाळिंबाच्या तेल्यावर जालीम औषध, ठिबकवर सूट, घरगुती उन्हाळ कांद्याचं उळं, ट्रॅक्टरला सुलभ हप्ता आणि या सगळ्यांच्या मधोमध ‘फाडफाड इंग्लिश बोला’. तेल्याने बागाच्या बागा उपटायला लावल्या, तेव्हा जालीम औषधं दुकानातच होती, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी दोन्ही फलकांखाली गर्दी असते. माणूस आशेवर जगतो म्हणतात. कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यातला माणूस आशेवर कर्जही काढतो.

असा एक इंग्रजीचा वर्ग एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर भरतो. खाली औषधाचा वास, वर व्याकरणाचा. तिथे आमचे जिभाऊ जातात. वय साठीकडे झुकलेलं, टोपी पांढरी, जमीन चार एकर, म्हशी दोन, कांद्याची चाळ एक. मुलगा पुण्यात, सून पुण्यात आणि नातूही पुण्यातच, पण इंग्रजीत. या नातवाने एकदा फोनवरून विचारलं, ‘आजोबा, डू यू हॅव अ काऊ?’ जिभाऊ ‘नो’ म्हणाले. उत्तर तंतोतंत खरं होतं, पण संभाषण तिथेच संपलं आणि म्हशींची बाजू मांडायची राहून गेली. ही रुखरुख त्यांना माडीवर घेऊन गेली. मी नुसता सोबतीला. फी त्यांची, चहा माझा.

सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर तक्ता काढला. आय हॅव, यू हॅव, ही हॅज. ‘ही’लाच वेगळी वागणूक का, असं एका मुलीने विचारलं. सर म्हणाले, ‘तसंच असतं.’ इंग्रजीचे निम्मे नियम या दोन शब्दांवर उभे आहेत. आमच्या भागात या तक्त्याला आणखी एक अडचण आहे. अहिराणीत वर्तमानकाळी एकवचनात तिघांनाही एकच रूप चालतं. मी करस, तू करस, तो करस. मी जास, तू जास, तो जास. हा ‘स’ बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे पाहत नाही. त्यामुळे बागलाणातलं पोरगं ‘आय हॅज, यू हॅज, ही हॅज’ म्हणतं, तेव्हा ते बिचारं तिघांना सारखा वाटा देत असतं. ग्रिअर्सनसाहेबाने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडातून काढून भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं, तो खंड १९०७ साली निघाला. म्हणजे आमचं बोलणं निराळं आहे, याला सरकारी दप्तराचा आधार आहे. पण परीक्षेत ग्रिअर्सनची साक्ष काढता येत नाही. तिथे ‘आय हॅज’वर लाल रेघ ठरलेली.

पूर्वी ही रेघ पाचवीपासून सुरू व्हायची. २०००च्या जूनपासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं आणि चुकायला चार वर्षं जादा मिळाली.

पण खरी मेख तक्त्यात नाही. मेख अशी की मराठीत ‘हॅव’ नाहीच. आपल्याकडे वस्तू असते. आपण तिला काही करत नाही. ती असते आणि आपण तिच्या आसपास एखाद्या विभक्तीत अंग चोरून उभे असतो. संस्कृतात हेच, हिंदीत हेच. साल्हेरचा डोंगर ओलांडून गुजरातेत उतरलं तरी हेच आणि पार रशियात गेलं तरी तिथला माणूस ‘माझ्याकडे आहे’ याच चालीवर बोलतो. म्हणजे जगात आपण एकटे नाही. एकटा असलाच तर पुण्यातला नातू.

शिवाय मराठीने हे ‘असणं’ काय बारकाईने लावून ठेवलंय! भाऊ ‘मला’ असतात, पैसे ‘माझ्याजवळ’, किल्ली ‘माझ्याकडे’. ताप अंगात असतो, विचार मनात, राग नाकावर, शेत नावावर आणि कर्ज डोक्यावर. प्रत्येक गोष्टीला तिची नेमून दिलेली जागा. इंग्रजी मात्र भाऊ, किल्ली, ताप, विचार, शेत, कर्ज सगळं एका पोत्यात कोंबते, तोंड शिवते आणि वर ‘हॅव’चा शिक्का मारते.

जिभाऊंना पहिलं वाक्य दिलं गेलं. त्यांनी मनात ‘मन्हा जोडे दोन म्हशी शेतस’ असं जुळवलं आणि मोठ्याने भाषांतर केलं, ‘नियर मी टू बफेलोज आर.’

‘चूक,’ सर म्हणाले.

‘चूक कशी? गोठा घराला लागूनच आहे ना.’

सरांनी गोठा बाजूला ठेवला आणि दोन आदर्श वाक्यं लिहिली. ‘आय हॅव अ वाइफ. आय हॅव अ ट्रॅक्टर.’ वर्ग गंभीरपणे उतरवून घेऊ लागला. जिभाऊंनी पेन खाली ठेवलं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. ‘मला बायको आहे’ म्हणणारा माणूस संसारी असतो. ‘माझ्याकडे बायको आहे’ म्हणणाऱ्याला पोलीस विचारतील, कुणाची? उलट ‘मला ट्रॅक्टर आहे’ असं कुणी म्हणत नाही, कारण ट्रॅक्टर सोयऱ्यात मोडत नाही. तो ‘माझ्याकडे’ असतो. या ‘कडे’मध्ये हप्ते बाकी असल्याची प्रामाणिक कबुली आहे. आज माझ्याकडे, तीन हप्ते चुकले की फायनान्सवाल्याकडे. ‘आय हॅव अ ट्रॅक्टर’ या वाक्यात ही कबुली कुठे आहे? इंग्रजी वाक्य ऐकून वाटतं, ट्रॅक्टर रोख घेतलाय.

महसूल खात्यालाही हे कळलेलं आहे. सातबारा उतारा काढून बघा. आपण जमिनीचे ‘मालक’ म्हणून गावभर मिरवतो. उताऱ्यावर आपलं नाव ‘भोगवटादार’ या रकान्यात असतं. म्हणजे भोगतोय तोवर भोगा. शेजारीच ‘इतर अधिकार’ नावाचा एक सौम्य रकाना असतो आणि त्यात सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा बसलेला असतो. ‘आय हॅव फोर एकर्स’ म्हणताना छाती फुगते ती हा रकाना डोळ्यांपुढे नसतो म्हणून. मराठीत ‘नावावर चार एकर आहे’ म्हटलं की छाती बेताचीच फुगते. नावावर आहे, एवढंच. बाकी इतर अधिकारात.

‘जवळ’ आणि ‘हॅव’ यांतला हा फरक सिनेमावाल्यांनीही ओळखला होता. १९७५च्या ‘दीवार’मध्ये मोठा भाऊ बंगला, गाडी, पैसा यांची यादी वाचतो आणि शशी कपूर शांतपणे सांगतो, की आई माझ्या ‘पास’ आहे. थिएटरं दणाणली ती त्या ‘पास’ने. हाच प्रसंग इंग्रजीत करून पाहा. धाकटा म्हणणार, ‘आय हॅव मदर.’ त्यावर अमिताभने नुसतं ‘सो डू आय’ म्हटलं असतं तरी व्याकरणाने आणि वस्तुस्थितीने बरोबर ठरलं असतं, कारण आई दोघांची एकच होती. सिनेमा तिथेच बसला असता.

आणि सटाण्याला हा फरक तर सिनेमाच्या शंभर वर्षं आधी शिकवला गेला. यशवंत महादेव भोसेकर, जन्म १८१५चा, इथे मामलेदार होते. १८७०-७१च्या दुष्काळात माणसं अन्नाला महाग झाली. मामलेदारांच्या ताब्यात सरकारी खजिना होता. इंग्रज सरकारच्या भाषेत हा खजिना सरकार ‘हॅव’ करत होतं, मामलेदाराने फक्त कुलूप सांभाळायचं होतं. भोसेकरांनी मात्र मराठीत विचार केला. पैसा आपल्याजवळ आहे, भूक लोकांजवळ आहे. दोन्ही जवळ आणले की झालं. त्यांनी सव्वा लाखाहून जास्त रुपये वाटून टाकले. पुढे तपासणीला वरिष्ठ आले, तेव्हा खजिना भरलेलाच निघाला, असं श्रद्धेने सांगतात. ‘ही हॅड गिव्हन’ आणि ‘ही स्टिल हॅज’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी ठरण्याचं दुसरं उदाहरण सरांच्या व्याकरणात नाही. १८८७ साली नाशकात ते वारले. लोकांनी त्यांना देवमामलेदार केलं. आरम नदीच्या काठी मंदिर आहे, मार्गशीर्षात वद्य एकादशीला रथ निघतो, यात्रा भरते, पाळणे लागतात. तहसीलदारापुढे हात जोडणारी माणसं महाराष्ट्रात सगळीकडे दिसतात. बदली झाल्यावरही जोडणारी सटाण्याला दिसतात.

वर्गात यानंतर खाण्यापिण्याचा ‘हॅव’ आला. ‘हॅव टी. हॅव लंच. प्लीज हॅव सम मोअर.’ हा वर्गाला पटकन पटला, कारण आपला ‘घ्या’ नेमका असाच वागतो. चहा घ्या, भाकरी घ्या, खुर्ची घ्या, घ्या हो, लाजताय काय. जिभाऊंनी त्याच संध्याकाळी घरी ‘हॅव टी’ म्हणून पाहिलं. जिभाबाई चहा घेऊन आल्या आणि स्वतःच पिऊन गेल्या. व्याकरण बरोबर असल्याचा हा पहिला पुरावा.

मग ‘हॅविंग’चं प्रकरण निघालं. आमच्याकडे लग्नाचे बायोडेटा हल्ली इंग्रजीत छापतात. मुलगी सातवीपर्यंत शिकलेली असो की एमएस्सी ॲग्री, बायोडेटा इंग्रजीतच. त्यातलं एक वाक्य सरांनी नमुना म्हणून फळ्यावर घेतलं. ‘बॉय इज हॅविंग फोर एकर्स बागायत लँड, वन वेल अँड वन सिस्टर.’ मराठीत विहीर शेतात राहिली असती आणि बहीण मुलाला असती. इंग्रजीत दोघी एका ओळीत येऊन बसल्या. त्यातली कुणाला जास्त पाणी, हे पाहुण्यांनी विचारून घ्यायचं.

सरांची तक्रार मात्र ‘इज हॅविंग’बद्दल होती. मालकीचा ‘हॅव’ चालू वर्तमानकाळात चालत नाही. रेन आणि मार्टिनच्या जाड पुस्तकात हे स्पष्ट लिहिलंय. यातले रेनसाहेब म्हणजे पी. सी. रेन, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले. पुढे त्यांनी फ्रेंच परदेशी पलटणीच्या साहसकथा लिहिल्या. १९२४ची ‘बो जेस्ट’ त्यांचीच. आपल्या पोरांना क्रियापदं शिकवल्यावर माणसाला थेट सहारा वाळवंटात बरं वाटावं, यात नवल नाही. नियम असा, की जे सुरू होतं आणि संपतं, त्याला ‘हॅविंग’ चालतं: जेवण, आंघोळ, पार्टी. जे कायमचं असतं त्याला चालत नाही: बहीण, विहीर, जमीन.

‘जमीन कायमची कुणी सांगितली?’ जिभाऊंनी विचारलं. ‘वाटणीचा दावा चालूये कोर्टात. पुढच्या महिन्यात तारीख.’

सरांनी फळ्यावरच्या ‘इज हॅविंग’कडे बराच वेळ पाहिलं आणि ते पुसलं नाही. भाऊबंदकीच्या जमिनीला चालू वर्तमानकाळच लागतो. विहिरीचं पाणीही मार्चनंतर ‘हॅविंग’मध्येच असतं. कायमची म्हणावी अशी त्या वाक्यात फक्त बहीण उरली आणि तिचंही लग्न ठरत होतं.

भाऊबंदकीवरून आठवलं. इंग्रजीतला ‘हॅव’ आणि लॅटिनमधला ‘हाबेरे’ अगदी एकाच घरचे दिसतात, अर्थही तोच. पण भाषाशास्त्रज्ञांनी मूळ कागद तपासून सांगितलंय, की दोघांचं नातं नाही. चेहरा सारखा, उतारे वेगळे.

पूर्ण वर्तमानकाळाने आणखी वेगळी अडचण केली. ‘मी आलो आहे’ याचं एका मुलाने ‘आय ॲम कम’ केलं. ‘आहे’ म्हणजे ‘ॲम’ हे आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं, म्हणजे पोराने अभ्यास केलेला. सर म्हणाले, इथे ‘आहे’ म्हणजे ‘हॅव’. आधी म्हणाले मराठीत ‘हॅव’ नाही, आता म्हणतात ‘आहे’ म्हणजे ‘हॅव’. पोराचा चेहरा कर्जमाफीच्या अटी वाचल्यावर होतो तसा झाला. त्यातून गंमत अशी, की १६११ सालच्या राजा जेम्सच्या बायबलात ‘आय ॲम कम’ या धाटणीची वाक्यं सर्रास सापडतात. पोरगं चुकलं नव्हतं, चारशे वर्षं उशिरा जन्माला आलं होतं.

तसंच ‘गेली’चं. एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत डोकं घालून आपण विचारतो, ‘नाशिक गेली का?’ आतून उत्तर येतं, ‘गेली.’ विषय संपला. इंग्रजी इथे तीन खिडक्या उघडते. ‘वेंट’ म्हणजे कधीतरी गेली. ‘हॅज गॉन’ म्हणजे गेली आणि तिचा धूर अजून दिसतोय. ‘हॅड गॉन’ म्हणजे तुम्ही पोहोचायच्या आधीच गेली होती, आता घरी बायकोला काय सांगायचं ते ठरवा. तिन्हींचा निष्कर्ष एकच, की पुढच्या गाडीपर्यंत उसाचा रस प्यायचा. पण दोष कुणाचा, हे इंग्रजी नेमकं ठरवते. म्हणूनच ती कोर्टात टिकली असावी.

दोष ठरवण्याची ही खोड ‘हॅव’च्या आणखी एका वापरात दिसते आणि तिथे वर्ग दुभंगला. आपण न्हाव्याकडून येतो आणि म्हणतो, ‘मी केस कापले.’ गवंड्याने बांधलेल्या घराची वास्तुशांत करताना म्हणतो, ‘मी घर बांधलं.’ सर म्हणाले, ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर कात्री तुमच्याच हातात होती असं होईल. दुसऱ्याकडून करून घेतलं तर ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणा. सगळ्यांनी केस, दाढी, घर, बोअर अशी वाक्यं करून पाहिली. जिभाऊ उठले आणि ठणकावून म्हणाले, ‘आय प्लांटेड ओनियन.’

मागच्या बाकावर दोघी जणी होत्या. त्यांतली एक म्हणाली, ‘सर, ते चूक आहे. कांदा बायका लावतात.’

सरांनी वाक्य दुरुस्त केलं. ‘ही हॅड ओनियन्स प्लांटेड.’ मराठीत बांधावर उभं राहून, छत्री धरून, फोनवर बोलत बोलत चार एकर कांदा ‘लावता’ येतो. इंग्रजीत ‘हॅड’ मध्ये पडतो आणि वाकलेल्या कमरा कुणाच्या होत्या ते सांगून टाकतो. ‘हॅव’बद्दल मागच्या बाकाचं मत त्या दिवसापासून फार चांगलं झालं. पुढच्या बाकांनी हा धडा परीक्षेला नसावा अशी आशा व्यक्त केली.

एवढं होईतो उन्हाळ कांदा निघाला होता आणि सरांनी ‘हॅव टू’ शिकवायला घेतलं. ‘आय हॅव ओनियन’ म्हणजे कांदा आहे. ‘आय हॅव टू सेल ओनियन’ म्हणजे कांदा विकावा लागतो. मध्ये फक्त दोन शब्द वाढतात. वर्गातल्या शहरी पोरांना हा अर्थांतराचा चमत्कार वाटला. जिभाऊंना वाटलं नाही. हे दोन शब्द वाढायला साधारण किती दिवस लागतात, हे त्यांना पाठ होतं.

कारण बागलाणातला शेतकरी या क्रियापदाची सगळी रूपं एका हंगामात चालवून दाखवतो. मार्च ते मे उन्हाळ कांदा काढतात. लाल आणि रांगडा कांदा ठेवता येत नाही. उन्हाळ टिकतो, म्हणून तो चाळीत भरतात आणि भावाची वाट पाहतात. वाट दिवाळीपर्यंतही पाहता येते. हा झाला ‘आय हॅव’. यात माणूस चाळीभोवती संध्याकाळची एक फेरी मारतो आणि जाळीतून आत बघतो, समाधानाने. पण चाळीतला कांदा बसून राहत नाही. वजन घटतं, कोंब फुटतो, पावसाळी हवेत काजळी धरते, सड लागते. म्हणजे चाळसुद्धा ‘हॅव लंच’ करत असते आणि ती रोज करते. इकडे मुलाची फी, आजारपण, लग्नाचा आहेर, सोसायटीचं नवं-जुनं. एक एक करून ‘टू’ येऊन उभे राहतात. मग पिकअप सांगायची, गोल्टी वेगळी करायची आणि पहाटे निघायचं. लिलावात चार-दोन रुपये बरे निघाले, तरी खळ्यावर गाडी रिकामी करताना व्यापारी वांधा काढतो. ‘हॅव’ ते ‘हॅव टू’ हा प्रवास इंग्रजांना व्याकरणात करावा लागतो, आमच्याकडे पिकअपमधून होतो.

सरकारलाही या क्रियापदाची शिकवणी लावायला हवी. २०२३च्या सुरुवातीला लाल कांदा मातीमोल झाला, तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलपर्यंत. अट घातली, की कांद्याची नोंद ई-पीक पाहणीतून सातबाऱ्यावर पाहिजे. कित्येकांची नव्हती. शेतात कांदा होता, बाजार समितीची विक्रीची पावती होती, डोळ्यांत पाणी होतं; उताऱ्यावर मात्र कांदा नव्हता. मराठीत तो ‘होता’. सरकारी ‘हॅव’मध्ये तो नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाळीतल्या कांद्याला जरा बरे दिवस येतील असं वाटू लागलं आणि केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं. व्यापाऱ्यांनी निषेध म्हणून जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद ठेवले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती पुढच्या वर्षी ४ मे रोजी उघडली, तीही शुल्क आणि किमान दराच्या अटीसह. या काळात ज्याने थांबून विकला तो फसला, ज्याने घाईने विकला तो हळहळला आणि ज्याने दोन्ही केलं त्याला दोन्ही झालं.

आणि इथे इंग्रजीतल्या सर्वांत अवघड वाक्याने सटाण्यापुढे हात टेकले. सरांनी भीतभीत फळ्यावर तिसऱ्या प्रकारचं संकेतार्थी वाक्य लिहिलं. ‘इफ आय हॅड सोल्ड... आय वुड हॅव हॅड...’ एका वाक्यात ‘हॅव’ची तीन भावंडं. मोठमोठ्या शहरांत या वाक्यापाशी क्लास सोडून जाणारे असतात म्हणे. सर म्हणाले, घाबरू नका, हळूहळू जमेल. वर्गात कुणी घाबरलं नव्हतं. पहिल्या बाकापासून वाक्यं सुरू झाली. ऑगस्टच्या आधी विकला असता तर ट्रॅक्टरचा हप्ता गेला असता. डाळिंब उपटलं नसतं तर या वर्षी पैसे झाले असते. थोडा थांबलो असतो तर. थोडा थांबलो नसतो तर. सरांना फक्त ‘असता-नसता’च्या जागी ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’ बसवत जायचं होतं. या पट्ट्यात पारावर, सलूनमध्ये, स्टँडवर दिवाळीनंतर दुसऱ्या कुठल्या प्रकारचं वाक्य बोललंच जात नाही. जे व्याकरण ऑक्सफर्डात पुस्तकातून शिकतात, ते इथे आईच्या दुधातून येतं.

समाजवादी मंडळींनी ‘हॅव्ज’ आणि ‘हॅव-नॉट्स’चं मराठी फार झकास केलं: ‘आहे रे’ आणि ‘नाही रे’. सगळं जग या दोन वर्गांत बसतं असं त्यांचं म्हणणं. ते बहुधा उन्हाळ कांदा न लावणारे असावेत. चाळ भरलेली आणि भाव पडलेला असतो तेव्हा आमचा माणूस ‘आहे रे’ असतो आणि खिशात काही नसल्यामुळे त्याच वेळी ‘नाही रे’ही असतो. पुढे भाव आभाळाला जातो, टीव्हीवाले दिल्लीच्या गृहिणीच्या डोळ्यांतलं पाणी दाखवू लागतात, शेतकरी मालामाल झाल्याच्या बातम्या येतात. त्या घटकेला त्याची चाळ झाडून घेतलेली असते. हा तिसरा वर्ग. ‘होता रे’. मार्क्सने मजूर पाहिला, भांडवलदार पाहिला. भूतकाळात मालक असलेला माणूस त्याच्या नजरेतून निसटला. निवडणुकीत मात्र हा वर्ग फार मोठा असतो आणि त्याच्यापुढे सगळे पक्ष भविष्यकाळात बोलतात.

भविष्यकाळ सरांनी शेवटच्या तासाला घेतला. तोवर नातवाला म्हशींची बातमी मुद्देसूद पोहोचली होती. ‘आय हॅव टू बफेलोज’ ऐकून त्याने ‘व्हाय?’ विचारलं होतं आणि जिभाऊंनी त्यावर उत्तर शोधून ठेवायचं कबूल केलं होतं. सर म्हणाले, प्रत्येकाने ‘विल हॅव’ वापरून एक वाक्य करा. कुणी कार मागितली, कुणी पीएसआयची नोकरी. मागच्या बाकावरच्या बाईंनी स्वतःच्या नावावर जमीन मागितली आणि सरांनी वाक्य बरोबर असल्याची खूण लगेच केली.

जिभाऊंची पाळी आली. ‘आय विल हॅव ओनियन.’

सर हसले. यंदाचा हिशोब सगळ्यांनाच माहीत होता. ‘पुन्हा कांदाच, जिभाऊ? व्हाय?’

जिभाऊंनी टोपी सारखी केली. ‘आय विल हॅव टू.’

सरांनी खडू उचलला होता. वाक्यात काढायला चूक सापडली नाही.